साठ घोडे जादा

पूर्वी चार पैसे हाती आले की माणसं घरावर माडी चढवत. निदान तिथे शेंगा वाळत, दिवाळीत पाहुणे झोपत आणि भांडण झालं की नवराबायकोपैकी एकाला वर जायची सोय होई. हल्ली चार पैसे आले की गाडीचे घोडे वाढवतात. घोडे म्हणजे अश्वशक्ती. कंपनीने 120 घोड्यांची गाडी दिली तर ती 180 ची करून घ्यायची. आमच्या नगर जिल्ह्यात (कागदोपत्री 2024 पासून अहिल्यानगर, पण जिभेला शासननिर्णय पोचायला वेळ लागतो) ही साथ आता तालुक्याच्या गावांपर्यंत आलेली आहे. तिला 'ट्यूनिंग' म्हणतात. तंबोरा ट्यून केला की सुरात वाजतो. गाडी ट्यून केली की गल्लीतली तान्ही मुलं वाजायला लागतात.

माझा या प्रकाराला विरोध आहे. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. बँकेतल्या कारकुनाने लेख लिहिला म्हणजे शेवटी तो 'दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर' अशी टोटल मारून ताळेबंद जुळवणार, असा लोकांचा समज असतो. या प्रकरणात ताळेबंद जुळत नाही. मी तीनदा बेरीज केलेली आहे.

विषय निघाला आमच्या भाच्यामुळे. थोरल्या ताईचा मुलगा. राहुरी तालुक्यात ऊस, कांदा, चार गाई आणि ही एक भलीमोठी डिझेल गाडी. गाडीचं नाव लिहीत नाही, तिच्या कंपनीचा यात काडीचा दोष नाही. गाडी दाजींच्या नावावर, कर्ज दाजींच्या नावावर, हप्ता दाजींच्या उसाच्या बिलातून. भाच्याचं गाडीवर फक्त प्रेम. अडीच लाख किलोमीटर झाल्यावर इंजिन तेल प्यायला लागलं आणि इंजिनकाम काढायची वेळ आली. इथपर्यंत सगळं रीतसर आहे. अडीच लाख किलोमीटरनंतर माणूससुद्धा तेल मागतो. पण भाचा मला म्हणाला, "मामा, एवीतेवी इंजिन खोलणारच आहे, तर जरा ताकद वाढवून घेऊ. गाडीत जान नाही राहिली."

पुण्याकडच्या एका गॅरेजवाल्याचं कोटेशन त्याने माझ्यापुढे ठेवलं. मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर, जाड क्लच, मोकळा सायलेन्सर, शिवाय कॉम्प्युटरचं 'रीमॅप'. एकूण 2 लाख 35 हजार रुपये, जीएसटीचा उल्लेख नाही. ज्या कोटेशनवर जीएसटीचा उल्लेख नाही, त्यावर गॅरंटीचाही उल्लेख नसतो, हे मी पंचवीस वर्षं कागद वाचून शिकलो आहे. गॅरेजवाल्याचं म्हणणं होतं, "साहेब, ताकद इंजिनात आहेच. कंपनीने मुद्दाम दाबून ठेवलीय. आपण फक्त मोकळी करायची."

हे वाक्य फार धोक्याचं आहे. याच वाक्यावर आजवर अनेक पतपेढ्या बुडालेल्या आहेत.

टर्बो म्हणजे काय, ते आधी माझ्या भाषेत सांगतो. इंजिनातून जो धूर बाहेर जातो त्यात बरीच शक्ती शिल्लक असते. साधं इंजिन ती सरळ हवेत सोडून देतं. आमच्याकडे याला बुडीत खातं म्हणतात. आल्फ्रेड ब्यूशी नावाच्या एका स्विस इंजिनिअरने 1905 साली पेटंट घेतलं, ते या बुडीत खात्याच्या वसुलीचं. बाहेर जाणाऱ्या धुराच्या वाटेत एक चक्र बसवायचं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र. धूर पहिलं फिरवतो, दुसरं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल, म्हणून जास्त ताकद. इंटरकूलर त्या दाबलेल्या, तापलेल्या हवेला गार करतो, कारण गार हवा कमी जागेत जास्त मावते. वसुली अधिकारी इतका हुशार असू शकतो, हे फक्त स्वित्झर्लंडमध्येच.

पण हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. तो बेअरिंगमध्ये नुसत्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. एकीकडे लालबुंद करणारा धूर, दुसरीकडे बाहेरची हवा, मधे तेवढं तेल. या व्यवस्थेवर कंपनीतल्या माणसांनी वर्षानुवर्षं डोकं खाजवून एक मर्यादा ठरवली. का ठरवली? कारण हीच गाडी मे महिन्यात, एसी लावून, नऊ माणसं आणि टपावर लग्नाचा आहेर घेऊन, कुठल्यातरी पंपावरचं कसलंतरी डिझेल पिऊन करंजी घाट चढणार आहे, हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून पिस्टन, कनेक्टिंग रॉड, हेड गॅस्केट, गिअरबॉक्स सगळ्यात थोडं थोडं बळ शिल्लक ठेवलेलं असतं. गॅरेजवाला यालाच 'दाबून ठेवलेली ताकद' म्हणतो. आम्ही याला राखीव निधी म्हणतो. रिझर्व्ह बँक आम्हाला ठेवींतला काही हिस्सा बाजूला ठेवायला लावते. म्हणून कुणी मॅनेजरला येऊन सांगत नाही, की साहेब, तुमची बँक दाबून ठेवलीय, तो पैसा मोकळा करा. सांगणारे असतात, त्यांचे फोटो नंतर पेपरात येतात.

रीमॅप म्हणजे या राखीव निधीवर डल्ला. गॅरेजमध्ये एक पोरगा लॅपटॉप घेऊन बसतो, गाडीच्या कॉम्प्युटरला वायर जोडतो आणि किती डिझेल सोडायचं, किती हवा कोंबायची, याचे आकडे बदलतो. चहा येईपर्यंत काम संपतं. आमच्या बँकेत साध्या बचत खात्यातला पत्ता बदलायला दोन सह्या आणि एक आधारकार्ड लागतं.

आणि हे नगरमध्ये व्हावं, याचं मला विशेष वाईट वाटतं. कारण वाहन रस्त्यावर यायच्या आधी त्याची परीक्षा घ्यायची ज्या मोजक्या संस्थांना परवानगी आहे, त्यातली एक आमच्या नगरमध्येच आहे. संरक्षण खात्याची व्हीआरडीई. पत्ताच मुळी वाहननगर! केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 126 क्रमांकाच्या नियमात पुण्याच्या एआरएआयबरोबर तिचं नाव आहे. नमुन्याची गाडी अशा ठिकाणी तपासायची, ब्रेक पाहायचे, धूर मोजायचा, मग पास करायची, असा शिरस्ता. म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर फाईल काखोटीला मारून परीक्षेला उभा, आणि आमचा भाचा शेडमधून परस्पर डबल प्रमोशन घेऊन बाहेर.

भाचा म्हणतो, "मामा, तुम्हाला ताकदीचं वावडं आहे." अजिबात नाही. नगरच्या माणसाला ताकदीचं वावडं असून चालेल कसं? गावाच्या एका अंगाला आर्मर्ड कोअरचं केंद्र, तिकडे के. के. रेंज, मधे 1994 साली उघडलेलं रणगाड्यांचं संग्रहालय. बाहेरगावचे पाहुणे आले की आम्ही त्यांना चांदबीबी महाल दाखवतो आणि रणगाडे दाखवतो, मग त्यांची परत यायची गाडी येईपर्यंत काय दाखवायचं या विचारात पडतो. तर या रणगाड्यांतला टी-72 घ्या. त्याचं इंजिन 780 अश्वशक्तीचं. सरकारला ते कमी वाटलं, म्हणून मार्च 2025 मध्ये रशियाच्या सरकारी कंपनीशी 24 कोटी 80 लाख डॉलर्सचा करार झाला: 780 च्या जागी 1000 अश्वशक्तीची इंजिनं. हेही अपग्रेडच की! पण त्याचा हिशेब बघा. टी-72 चं वजन 41 टन. म्हणजे जुन्या इंजिनाने टनामागे 19 घोडे, नव्याने 24. भाच्याची गाडी माणसांसकट दोन-सव्वादोन टन धरा. कंपनीने दिलेल्या 120 घोड्यांतच टनामागे 53 ते 60 घोडे आधीच जुंपलेले आहेत. रणगाड्याला वाळवंटात शत्रूवर चालून जायचंय. भाच्याला राहुरीच्या मार्केट यार्डात कांद्याचा भाव विचारायला जायचंय.

ताकद म्हणजे नेमकी किती, तेही त्याला मोजून दाखवलं. एका सेकंदात 75 किलो वजन एक मीटर वर उचलायला जी ताकद लागते तो एक घोडा. पाऊण क्विंटल कांदा! म्हणजे जादाचे साठ घोडे दर सेकंदाला 45 क्विंटल कांदा मीटरभर वर उचलू शकतात. यार्डात उतरवून घ्यायला दोन हमाल मिळत नाहीत, आणि हे साठ घोडे दिवसभर घरापुढे उभे.

बरं, या घोड्यांनी मिळतं काय? मी कॉमर्सचा माणूस. भांडवल किती आणि परतावा किती, एवढंच मला कळतं. वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनाने. म्हणजे ताकद दीडपट केली तर कमाल वेग दीडपट होत नाही. दीडचं घनमूळ काढा: 1.145. पन्नास टक्के जादा घोडे घातले, तर वेग वाढला जेमतेम साडेचौदा टक्के. ताशी 160 जाणारी गाडी 183 जाईल. आता खर्चाची बाजू. ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे 31 टक्क्यांनी. घोडे पन्नास टक्के, वेग साडेचौदा, थांबायचं अंतर एकतीस. आणि ब्रेक? ब्रेक जुनेच! दोन लाख पस्तीस हजारांच्या कोटेशनमध्ये ब्रेकचा रुपया नव्हता. असा प्रस्ताव घेऊन कुणी कर्ज मागायला आला तर आमचा शिपाईसुद्धा त्याला दारातून परत पाठवील.

शिवाय 183 ने जायचं कुठे? केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्यावर मोटारीला कमाल वेग 100, साध्या रस्त्यावर 70. एक्सप्रेसवेवर 120. म्हणजे कायद्याने मंजूर केलेला सर्वांत मोठा वेग गाडीला जुन्याच घोड्यांत गाठता येतो. नगर-मनमाड रस्त्यावर तर सरकारने वेगमर्यादा लावायची तसदीच घ्यायला नको, ते काम खड्डे करतात. आणि खड्ड्यांतून जे वाचतं ते उसाच्या ट्रॅक्टरकडे सुपूर्द होतं.

उसाच्या ट्रॅक्टरविषयी थोडं विस्ताराने लिहिलं पाहिजे. आमच्या जिल्ह्याने 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना काढून देशाला वाट दाखवली. तेव्हापासून प्रत्येक हंगामात जिल्ह्यातल्या वाटा उसाने भरलेल्या असतात. एक ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर दोन्ही अंगांनी डोकावणारा ऊस, मागे लाल दिव्याच्या जागी फार तर एक गोणपाट, आणि पुढे ड्रायव्हरच्या कानाशी एवढ्या मोठ्या आवाजात गाणं, की मागून वाजवलेला हॉर्न त्याला त्या गाण्यातलाच वाटावा. हा ट्रॅक्टर ताशी वीसने चाललेला असतो. त्याच्या मागे 50 घोड्यांची मारुती असो, 120 घोड्यांची गाडी असो की 180 ची, सगळ्यांचा वेग ताशी वीसच. इतका समाजवाद मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

"म्हणूनच ताकद पाहिजे ना!" भाच्याने लगेच पकडलं. "ट्रॅक्टरला झटकन ओव्हरटेक मारता आलं पाहिजे. जितकी ताकद जास्त, तितका वेळ कमी. म्हणजे उलट सेफच की."

हा त्याचा सगळ्यात चांगला मुद्दा, आणि तो मी हसण्यावारी नेला नाही. हिशेबापुरता तो खराही आहे. पण ओव्हरटेक अडतो तो ताकद कमी पडते म्हणून नव्हे, पुढचं दिसत नाही म्हणून. दोन ट्रॉल्यांच्या पलीकडून काय येतंय ते 180 घोड्यांनाही दिसत नाही. घोड्यांना झापडं असतात. कमी ताकदीचा माणूस 'जाऊ दे, पुढे बघू' म्हणून मागे राहतो. जास्त ताकदवाला म्हणतो, 'बसतंय!' जी फट त्याने एरवी सोडून दिली असती, त्या फटीत तो गाडी घालतो. वाचलेला वेळ तो खिशात ठेवत नाही, पुढच्या धोक्यात गुंतवतो. हे मी ठेवीदारांतही पाहतो. दोन टक्के जास्त व्याज मिळालं की माणूस सुखाने झोपत नाही, चार टक्केवाल्याला शोधत निघतो.

कायद्याचं म्हणाल तर तो यात अगदी स्वच्छ आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: कंपनीने जो तपशील दिला आणि जो आर.सी.वर नोंदला गेला, त्याच्याशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने 182-अ हे कलम आलं: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक फेरफारामागे' हे शब्द ज्याने लिहिले त्याच्यात एक चांगला कारकून वाया गेला. टर्बो, इंटरकूलर, सायलेन्सर, रीमॅप... भाच्याचं कोटेशन हीच दंडाची यादी होती, फक्त शेवटचा कॉलम भरायचा बाकी. आणि दंड कुणाला? मालकाला. म्हणजे दाजींना, ज्यांना टर्बो हे एखाद्या कीटकनाशकाचं नाव वाटतं.

सायलेन्सरवर एक वेगळा लेख होईल, पण एवढं सांगतो. विजापूरची ती प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ 1549 साली आमच्या नगरात ओतलेली. ती उडवली की गोलंदाज कान वाचवायला शेजारच्या पाण्यात बुडी मारी, असं सांगतात. निदान त्याला आपण काय वाजवतोय याची कल्पना होती, आणि लाज असल्यासारखा तो तोंड तरी लपवत होता. हल्लीचे गोलंदाज काच खाली करून लोक बघताहेत ना, हे पाहतात.

आता ज्या कारणासाठी मी हे सगळं लिहायला बसलो, ते.

आमच्या शाखेत दर महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास एक गृहस्थ येतात. वय सत्तरीच्या पुढे, धोतर, टोपी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक. वाहनकर्जाचा हप्ता भरतात. रोख. नोटा मोजून माझ्यापुढे ठेवतात, पावती घडी करून पिशवीत टाकतात, "येतो साहेब," म्हणून जातात. गाडी नाही. गाडी अशाच एका वाढवलेल्या घोड्यांनी एका मोरीच्या कठड्यावर नेली. ती चालवणाराही नाही. विमा होता, पण गाडीच्या इंजिनात कंपनीला न कळवता बदल केलेले सापडले आणि दावा नामंजूर झाला. ते कागद मी स्वतः वाचलेत. त्यात चूक काढायला जागा नव्हती. मी काढून पाहिली. कर्जाच्या करारात बँकेला न विचारता वाहनात बदल करू नये, असं एक कलम असतं. बारीक टाइपात, अकराव्या की बाराव्या पानावर. त्यावर त्यांचा अंगठा आहे. अठ्ठावीस हप्ते राहिले होते तेव्हा मी त्या काउंटरवर आलो. आता नऊ आहेत.

भाच्याला मी हे सांगितलं. तो काही बोलला नाही. ताई आत भाकरी थापत होती, तो आवाजही थांबला होता.

दाजी तेवढे म्हणाले, "किती हप्ते राहिलेत म्हणालात?"

"नऊ."

"आपले एकवीस," दाजी म्हणाले आणि तंबाखूची चंची काढली.

मग कोटेशन उलटं करून त्याच्या पाठीमागे आम्ही दुसरी यादी केली. इंजिन मोडीत काढा असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. इंजिनकाम अवश्य करा, मनापासून करा. रिंग-पिस्टन कंपनीचे, बेअरिंग कंपनीचे. टर्बोला तेल गळत असेल तर त्याच मापाचा टर्बो नवा. इंजेक्टर तपासून घ्या. रेडिएटर साफ. सस्पेन्शनचे बुश गेलेत ते बदला, म्हणजे गाडी वळणावर तालमीतल्या पैलवानासारखी खांदे उडवणार नाही. ब्रेकच्या डिस्क, पॅड, ब्रेक ऑइल. चार टायर, ठरल्या मापाचे. आणि हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा. हे सगळं धरून मोठ्या टर्बोच्या पैशांतले 40 हजार उरले. ते कर्जखात्यात भरा असं मी सुचवलं. सूचना फेटाळली गेली. ताईने ते घराच्या गळक्या पत्र्यासाठी राखून ठेवले.

गाडी मागच्या महिन्यात तयार झाली. मी बसून पाहिलं. अडीच लाख किलोमीटरची थकलेली गाडी नीट बांधली की तिचे कंपनीने दिलेले 120 घोडे पहिल्यांदाच सगळे हजेरीला येतात. आजवर त्यातले तीस-चाळीस रजेवर होते. करंजी घाट तिने तिसऱ्या गिअरमध्ये, काळा धूर न सोडता चढला. भाचा खूश होता, पण पूर्ण नव्हे. त्याच्या मित्राची गाडी 180 ची आहे.

परवा घरी आला तेव्हा गाडीच्या मागच्या काचेवर लाल अक्षरात एक स्टिकर होता: '180'. खाली उधळलेल्या घोड्याचं चित्र. नगरला माळीवाड्यात करून घेतला म्हणाला. ऐंशी रुपये.

मी हिशेब केला. एका घोड्याला एक रुपया तेहतीस पैसे पडले.